सत्तावन्न किलोंचा पैलवान

पैलवान म्हटला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? रुंद छाती, खांबासारख्या मांड्या, बैलासारखी मान. असा गडी लांग कसून मातीत उतरला की पोरेसोरे कुंपणावर चढतात आणि म्हातारी माणसे पागोटे सावरून पुढे सरकतात. आपल्या विदर्भात त्याला आम दंगल म्हणतात, तिकडे सातारा-कोल्हापूरकडे मैदान म्हणतात. पण डोळ्यांपुढचे चित्र एकच. गावच्या मैदानाची रीतही ठरलेली. आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पाच-पंचवीस रुपयांच्या, आणि दिवस कलता कलता मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. ती पाहायला माणसे थांबतात. रेवड्यांची कुस्ती कोण जिंकला हे दुसऱ्या दिवशी त्याच्या आईखेरीज कोणाला आठवत नाही.

आज ज्याच्याविषयी सांगायचे आहे तो गडी या चित्रात कुठेच बसत नव्हता. उंची साडेपाच फुटांच्या आसपास. 1948 साली लंडनला गेला तेव्हा तो ज्या गटात खेळला तो 52 किलोंचा गट होता. सिमेंटचे एक पोते 50 किलोंचे असते, तेव्हा अंदाज करा. चार वर्षांनी हेलसिंकीला तो 57 किलोंच्या गटात खेळला. स्वतंत्र भारताला एकट्याच्या खेळात मिळालेले पहिले ऑलिम्पिक पदक या माणसाने आणले. नाव खाशाबा दादासाहेब जाधव, राहणार गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा.

हे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ते एका ओळीत असते आणि मुले ती ओळ पाठ करतात. मला ती ओळ उलगडून पाहायची आहे, कारण तिच्यात कुस्तीच्या इतिहासाइतकाच आपल्या राज्यव्यवहाराचाही इतिहास दडलेला आहे.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा. घर शेतकऱ्याचे, वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान, आणि पाच मुलांत हा धाकटा. लहानपणीच तालमीत गेला, वडिलांच्या हाताखाली घुमला. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात. 1942 चे आंदोलन सातारा जिल्ह्यात किती पेटले होते हे सांगायला नको, प्रतिसरकार तिथलेच. भूमिगतांना आसरा देणे, निरोपाच्या चिठ्ठ्या पोचवणे, ही कामे या शाळकरी पोरानेही केली.

शाळा संपल्यावर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. तिथे एक गोष्ट घडली, ती शिक्षकमंडळींनी मुद्दाम ऐकावी. कॉलेजच्या वार्षिक खेळांत कुस्तीसाठी नाव द्यायला खाशाबा गेला, तर खेळाच्या शिक्षकांनी त्याला वरून खाली पाहिले आणि नाव घ्यायचे नाकारले. एवढ्याशा अंगाच्या पोराला कोणी उचलून आपटले तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा विचार असावा, आणि तो अगदीच चुकीचा म्हणवत नाही. पोरगा मात्र परत फिरला नाही. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबाने आपल्याहून अंगाने थोर गड्यांना अस्मान दाखवले. या खर्डेकरांचे नाव ध्यानात ठेवा. ते पुन्हा येणार आहे, आणि फार मोठ्या कामासाठी येणार आहे.

लहान अंगाचा गडी मोठ्याला पाडतो कसा? खाशाबांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. जोडीदाराचे डोके नि मान धरून, त्याच्याच जोराचा फायदा घेत, त्याला अंगावरून फिरवून खाली घ्यायचे. या डावाला ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते. समोरचा पुढे रेटतो तो क्षण हेरायचा. रेटणारा जितका जड, तितका तो जोरात पडतो. इंग्रजी वर्तमानपत्रांनी पुढे खाशाबांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हटले, म्हणजे खिशात मावेल असे वीजयंत्र. नाव गोड आहे, पण त्यात कौतुकाबरोबर थोडे नवलही आहे, की एवढ्याशा माणसात एवढे आले कुठून!

पण नुसत्या चपळाईने भागत नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीला घड्याळ नव्हते. जोड डोळ्यांनी पाहून लावायची आणि चीतपट होईपर्यंत लढायचे. पंचांच्या नजरेला जोड बरोबरीची वाटली की झाले. मण-दोन शेर इकडेतिकडे कोण पाहतो? अशा लांबलेल्या कुस्तीत जड गडी हलक्याच्या मानेवर नुसता भार टाकून राहिला, तरी अर्ध्या तासात हलक्याचा दम संपतो. ऑलिम्पिकमधली मॅटवरची कुस्ती निराळी. तिथे तराजू आधी. वजन करा, ज्याच्या त्याच्या गटात घाला, पंधरा मिनिटांची वेळ लावा आणि निकाल लागला नाही तर पंचांनी गुणांवर ठरवा. आपल्याकडच्या जुन्या वस्तादांना हा बनियाचा हिशेब वाटे. मला मात्र वाटते की लहान चणीच्या माणसाला न्याय मिळाला तो या तराजूमुळेच. आपल्या मैदानात सत्तावन्न किलोंच्या गड्याच्या वाट्याला नारळ आला असता. तिथे त्याच सत्तावन्न किलोंसाठी सोने, रूपे आणि कासे, तिन्ही पदके स्वतंत्र ठेवलेली होती.

लंडनला जाईपर्यंत खाशाबा तांबड्या मातीत वाढलेला. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली ती माती पायाला धरून ठेवते. गादीवर पाय सरकतो, अंगाला अंग चिकटत नाही. त्यात नियम परके. तिथे अमेरिकेचे एके काळचे मल्ल रीस गार्डनर यांनी त्याला शिकवले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्याने काही मिनिटांत पाडले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले, आणि इराणच्या मन्सूर रईसीपुढे तो थांबला. सहावा क्रमांक. बावीस वर्षांच्या, गादीवर नवख्या पोराने मिळवलेला सहावा क्रमांक ही तेव्हा भारतीय मल्लासाठी मोठी गोष्ट होती.

लंडनच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. कोल्हापूर संस्थानात कुस्तीला दरबारचा आधार ही पिढीजात चाल. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. पण 1949 च्या मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते, त्याबद्दल दुमत नको. मात्र त्यामुळे एक रिकामी जागा तयार झाली. ज्याच्याकडे जाऊन ‘महाराज, पोरगं चांगलं आहे, पाठवा परदेशी’ म्हणावे, तो राजा राहिला नाही. आणि असा अर्ज घेऊन त्यावर सही करणारे सरकारी खाते अजून उभे राहायचे होते. त्या काळी आपला विदर्भ तर दुसऱ्याच राज्यात होता, नागपूर ही मध्यप्रदेशची राजधानी होती. पण दोन्हीकडे कथा तीच. जुना आश्रय गेलेला, नवा अजून आलेला नाही. तमासगीर, गवई, शिल्पी, पैलवान सगळे त्या मधल्या पाच-दहा वर्षांत असे उघड्यावर पडले.

खाशाबांची 1952 ची धावपळ या मधल्या काळातली आहे.

आधी निवडीचाच घोळ. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत कलकत्त्याच्या निरंजन दासविरुद्ध त्यांना एका गुणाने हरलेले ठरवले गेले. निकाल न्यायाने झाला नाही असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. देशाच्या ऑलिम्पिक संघटनेची सूत्रे तेव्हा त्यांच्याकडे होती. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी निरंजन दासला बघता बघता खाली घेतले. तेव्हा कुठे नाव पक्के झाले.

मग पैशाचा प्रश्न. जायचे तर स्वतःच्या खर्चाने. खाशाबांनी आणि घरच्यांनी गावात, कराडात, दारोदार वर्गणी मागितली. ज्याला जे जमले ते त्याने दिले. मुंबई सरकारकडे अर्जामागून अर्ज केले, तेव्हा चार हजार रुपये मंजूर झाले. तरी तूट राहिलीच. ती भरून काढली खर्डेकरांनी. आपल्या जुन्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 चे सात हजार! एखाद्या मास्तराला त्या पैशात तेव्हा किती वर्षे काढता आली असती, हा हिशेब तुम्हीच करा. मी स्वतः कॉलेजात शिकवतो. चांगल्या मुलासाठी शिफारसपत्र लिहिणे, फीची सवलत मागणे, फार तर पदरचे शे-दोनशे घालणे, इतपत सगळेच करतात. पण बायकोमुलांच्या डोक्यावरचे छप्पर बँकेकडे देऊन, तेही परतफेडीची काही शाश्वती नसताना, एखाद्या पैलवानाला जहाजा-विमानात बसवणे ही गोष्ट वेगळ्याच जातीची आहे. ऑलिम्पिकमध्ये हरून आला असता तर? तशी शक्यताच जास्त होती.

हेलसिंकी ही फिनलंडची राजधानी. तिथल्या मेस्सुहाल्ली नावाच्या प्रदर्शन-भवनात कुस्त्या झाल्या. त्या वेळची पद्धत ‘हरला की बाहेर’ अशी नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर दोषगुण मांडत जायचे; फार दोषगुण झाले की गडी गळायचा आणि गळत गळत शेवटी थोडे उरायचे. खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना एकापाठोपाठ हरवले. मग उरले तिघे : भारताचे जाधव, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद ममदबेकोव्ह.

हे दोघे कोण होते तेही पाहू. इशी मुळातला जुदोचा खेळाडू. महायुद्धात जपान हरला, परकी अंमल आला आणि जुदोवर बंदी आली. तेव्हा तो कुस्तीकडे वळला. ममदबेकोव्ह अझरबैजानचा, आणि सोव्हिएत संघाचे ते पहिलेच ऑलिम्पिक होते. मागे अख्खे सरकार उभे. म्हणजे एकाला पराभूत देशाची लाज धुऊन काढायची होती, दुसऱ्याला नव्या राज्यव्यवस्थेचा दाखला द्यायचा होता. आणि तिसऱ्याच्या पाठीशी होते कोल्हापुरातले एक गहाण घर.

इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटे चालली आणि थोडक्या गुणांनी खाशाबा हरले. अंग घामाने निथळत होते, दम परतला नव्हता, तोच ममदबेकोव्हबरोबर उतरा असा पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा द्यावा असा नियम होता. पण नियम आहे हे पंचांपुढे जाऊन सांगायला भारताचा कोणी अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. परक्या भाषेत, परक्या पंचांशी, घामेजलेल्या पैलवानाने स्वतः वाद घालावा? खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेकोव्हला रौप्य, जाधवांना कांस्य. तारीख 23 जुलै 1952.

अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, यावर कराडच्या पारावर आजही वाद होतात. इतिहासाच्या माणसाने असल्या जर-तरच्या फंदात पडू नये. मी एवढेच म्हणेन की ज्या नियमांच्या तराजूने या लहान चणीच्या माणसाला जगापुढे आणले, त्याच नियमांच्या पुस्तकातली एक ओळ त्याच्या बाजूने वाचून दाखवायला त्या दिवशी कोणी नव्हते. आणखी एक सांगायचे राहिले. त्याच ऑलिम्पिकला कोल्हापूरचे माणगावेही गेले होते, वरच्या वजनगटात. त्यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले. त्यांचे तर नावही आपण विसरलो.

दुसऱ्याच दिवशी, 24 जुलैला, भारताच्या हॉकी संघाने हॉलंडला 6-1 ने हरवून सुवर्णपदक जिंकले. साहजिकच देशभर जल्लोष हॉकीचा झाला. सोन्यापुढे कासे झाकले गेले, त्याचा फार विषाद मानू नये. आणि कराडला तरी ते झाकले गेले नाही. स्टेशनावर गाव लोटले. 151 बैलगाड्या सजवून खाशाबांची मिरवणूक काढली, पुढे ढोल-लेझीम. एरवी पंधरा-वीस मिनिटांची गोळेश्वरची वाट. त्या दिवशी त्या वाटेला तासन्‌तास लागले. बैलगाडी हे शेतकऱ्याचे कामाचे वाहन. जुलै-ऑगस्टच्या हंगामात एवढ्या जोड्या औताच्या सोडून रस्त्यावर आणल्या, यातच गावाला काय वाटत होते ते आले.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिले काम कोणते केले? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः लढले, जिंकले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. मला विचाराल तर हेलसिंकीच्या पदकाइतकीच ही कुस्ती मोठी आहे.

1955 साली ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. पुढच्या साली मेलबोर्नला ऑलिम्पिक होते. गुडघा दुखावल्याने तिकडे जाणे झाले नाही आणि ऑलिम्पिकचा अध्याय तिथेच मिटला. पोलिसांच्या स्पर्धा ते जिंकत राहिले, पोरांना शिकवत राहिले. सत्तावीस वर्षे नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. या भागावर मी फार थांबत नाही. सरकारी कचेरीचे खेटे कसे असतात हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही; सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ते प्रत्येकाने घातलेले असतात. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल घेऊन धावण्याचा मान मात्र त्यांना मिळाला. दोन वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 ला, मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न.

मानसन्मान आले ते माणूस गेल्यावर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदीच्या दशकात, केंद्राचा अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. 2010 साली दिल्लीतल्या कुस्तीच्या मोठ्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन 2009 मध्ये मिळाले होते. ते काम रखडले, तेव्हा 2017 मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी जाहीर केले, की संकुलासाठी पैसे उभे करायला वडिलांचे पदक लिलावात काढू. ही बातमी वाचताना मला खर्डेकरांचे घर आठवले. एकदा पदकासाठी घर गहाण पडले होते. पासष्ट वर्षांनी आखाड्यासाठी पदक विकायची पाळी आली.

खाशाबांनंतर भारताला एकट्याच्या खेळातले पुढचे ऑलिम्पिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली. 1996 साली अटलांटाला लिअँडर पेस याने टेनिसमध्ये ते मिळवले, तेही कांस्यच. महाराष्ट्राला तर त्याहून जास्त वाट पाहावी लागली. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळे या नेमबाजाने 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. हा मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाच्या घरातला, रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला. पदक मिळाले त्या दिवशी वर्तमानपत्रवाल्यांना मागचे नाव शोधावे लागले. बहात्तर वर्षांपूर्वीचे पान उघडल्यावर ते सापडले : जाधव, खाशाबा दादासाहेब, 57 किलो, गोळेश्वर.